घाई कुठे करावी, कुठे करू नये : लैंगिक आरोग्याची पहिली ओळख

तरुण वयात लैंगिक आरोग्याविषयी पडणारे प्रश्न बहुधा उलट्या क्रमाने हाताळले जातात. शिश्नाची लांबी, झोपेत होणारे वीर्यपतन, पहिल्या संबंधात रक्त न येणे अशा ज्या गोष्टींना काडीचीही घाई नसते, त्यांच्यापायी रात्रीच्या रात्री जागून काढल्या जातात. आणि कंडोम फाटल्यानंतरचे पहिले काही तास, ज्यांत खरोखर काही करता येते, ते मात्र 'बघू काय होते ते' असे म्हणत संकोचापोटी हातचे जातात. म्हणून या लेखातील पायऱ्या घड्याळाच्या हिशेबाने लावल्या आहेत. कोणत्या प्रश्नाला वेळ आहे, कोणत्या प्रश्नाला तासांची मुदत आहे आणि कोणती तपासणी फार लवकर केली तर निरुपयोगी ठरते, हे एकदा कळले की बाकीची माहिती तिच्या जागी आपोआप बसते. लेख अठरा वर्षे पूर्ण केलेल्या, या विषयात नवख्या असलेल्या वाचकांसाठी आहे. तुमचा संबंध अजून कोणाशी आलेला नसला तरी तो उपयोगी पडेल, किंबहुना तेव्हाच अधिक पडेल.

पायरी १ : ज्या काळज्यांना घाई नाही, त्या आधी खाली ठेवा

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आकाराचा असतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजलेल्या १५ हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ताठर शिश्नाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर आणि शिथिल शिश्नाची ९.१६ सेंटिमीटर आढळली. शिथिल अवस्थेतील लांबी थंडी, ताण आणि दिवसाची वेळ यांप्रमाणे बदलते, त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय स्वतःचे शिश्न आपण नेहमी वरून पाहतो आणि त्या कोनातून ते आहे त्याहून लहान दिसते. थोडासा बाक असणे, एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणे, शिश्नमुंडाच्या कडेला बारीक पांढुरक्या कणांची रांग असणे, या सगळ्या सामान्य गोष्टी आहेत. लांबी वाढवण्याच्या गोळ्या, तेले आणि यंत्रे विकणाऱ्यांचा धंदा तुमच्या याच भीतीवर चालतो. एकाही गोळीने किंवा तेलाने लांबी वाढत नाही.

दुसरा प्रश्न झोपेत होणाऱ्या वीर्यपतनाचा. मराठीत त्याला 'स्वप्नदोष' असे नाव पडले आहे आणि निम्मे नुकसान त्या नावानेच केले आहे, कारण त्यात दोष असा काही नाहीच. वृषणांत शुक्रजंतू रात्रंदिवस तयार होत असतात. एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्याजोगा होईपर्यंत साधारण अडीच महिने जातात आणि ही साखळी अखंड चालू राहते. वीर्यातला बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो. रक्त आटवून वीर्य बनते आणि ते गेले की शक्ती जाते, हा हिशेब शरीरशास्त्रात कुठेही बसत नाही. हस्तमैथुनालाही हेच लागू पडते. त्याने दृष्टी अधू होत नाही, वंध्यत्व येत नाही, गुडघे दुखत नाहीत, लग्नानंतरच्या संबंधात बाधा येत नाही. मुली आणि स्त्रियाही हस्तमैथुन करतात आणि त्यांच्या बाबतीतही ते तितकेच निरुपद्रवी असते. लक्ष द्यावे असे दोनच प्रसंग सांगता येतील : अभ्यास, काम किंवा झोप बाजूला पडण्याइतकी ती सवय अनावर झाली असेल तर, आणि फार घट्ट पकडीची इतकी सवय लागली असेल की सोबत्याबरोबर उत्तेजना टिकत नाही, तर.

तिसरा प्रश्न स्त्रियांना विचारला जातो आणि तो अनेकदा प्रश्न नसून संशय असतो. योनिपटल म्हणजे योनिमार्गाच्या तोंडाशी असलेली लवचीक ऊतींची पातळ कडा. ती तोंड झाकून टाकणारे झाकण नसते. तसे असते तर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. काहींमध्ये ती जन्मतःच नावापुरती असते, काहींमध्ये संबंधानंतरही तशीच राहते, आणि पहिल्या संबंधात रक्त न येणे अगदी सर्वसामान्य आहे. एखाद्या स्त्रीचा संबंध आला आहे की नाही हे तपासून सांगणारी कोणतीही वैद्यकीय चाचणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर ऑक्टोबर २०१८ मध्ये तथाकथित कौमार्य चाचण्या बंद करण्याचे जाहीर आवाहन केले ते याच कारणाने. कोणी रक्ताच्या डागाचा आग्रह धरत असेल, तर त्याच्या अज्ञानाचे ओझे तुम्ही वाहण्याचे कारण नाही.

अंगावरून पांढरे जाणे हाही असाच भीतीचा विषय. पाळीच्या चक्रानुसार योनिस्राव कधी पातळ व पारदर्शक, कधी घट्ट व पांढुरका असतो. बीजांड बाहेर पडण्याच्या सुमारास तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो. योनिमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो आणि तेथील सौम्य आम्लता जंतूंना आवर घालते; आत साबण, सुगंधी द्रव्ये किंवा पाण्याची पिचकारी मारली की ती घडी विस्कटते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. मात्र स्राव दह्यासारखा गुठळ्यांचा होऊन खाज सुटली, करडा होऊन त्याला माशासारखा वास येऊ लागला, पिवळा-हिरवा झाला किंवा त्याबरोबर ओटीपोटात दुखू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. यांतील प्रत्येकाचे कारण वेगळे आणि औषधही वेगळे असते, त्यामुळे मैत्रिणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

समलिंगी आकर्षण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले आहे आणि ती 'बरी' करण्याचा दावा करणारे उपचार निव्वळ हानी करतात. कोणाविषयीच लैंगिक आकर्षण न वाटणे हेही माणसांत आढळते. त्याने तुम्ही अपुरे ठरत नाही.

पायरी २ : कपडे उतरण्याआधीचे बोलणे

होकार म्हणजे नकाराचा अभाव नव्हे, हे वाक्य सोपे असूनही व्यवहारात सर्वांत जास्त वेळा मोडले जाते. गप्प राहणे, टाळाटाळ करणे, 'तुला हवे असेल तर' असे म्हणत नजर चुकवणे यांपैकी एकालाही होकार म्हणता येत नाही. झोपेत किंवा दारूच्या वा अन्य नशेत असलेली व्यक्ती होकार देऊच शकत नाही. एका गोष्टीला दिलेला होकार दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. कालचा होकार आज चालत नाही. आणि दिलेला होकार मध्येच कधीही मागे घेता येतो, त्या क्षणी थांबायचे असते. लग्न झालेले असणे किंवा नाते जुने असणे याने यात काही फरक पडत नाही. संमतीचे कायदेशीर वय देशागणिक वेगळे आहे आणि त्या वयाखालील व्यक्तीचा होकार कायद्याच्या दृष्टीने होकार नसतोच, म्हणून स्वतःबरोबर समोरच्याचेही वय नक्की माहीत असले पाहिजे.

हे बोलणे अवघड वाटते याचे कारण ते अगदी ऐन वेळी करायला जातो. आदल्या दिवशी, चालता-फिरता विचारलेल्या तीन गोष्टी बहुतेक पेच सोडवतात : आपल्या दोघांना काय हवे आहे आणि काय नको आहे, गर्भधारणा टाळण्यासाठी आपण काय वापरणार आहोत, आणि शेवटची तपासणी कधी केली होती. तिसरा प्रश्न अविश्वासाचा वाटू नये म्हणून स्वतःपासून सुरुवात करावी. 'मी तपासणी करून घेणार आहे, बरोबर जाऊ या का?' हे वाक्य कोणाला टोचत नाही. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे म्हणून जो कंडोम टाळतो, त्याने विश्वासाचा अर्थ सोयीपुरता लावलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट याच पायरीवर सांगायला हवी : नग्न छायाचित्रे किंवा चित्रफिती काढणे आणि पाठवणे यांनाही स्वतंत्र होकार लागतो. कोणी त्यांच्या जोरावर धमकावू लागले, तर पैसे देऊन प्रकरण मिटत नाही, मागणी वाढत जाते. संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि विश्वासातल्या माणसाच्या मदतीने पोलिसांकडे तक्रार करावी.

पायरी ३ : पहिला संबंध

पहिल्या वेळी दुखलेच पाहिजे, असा नियम नाही. दुखण्याची नेहमीची कारणे म्हणजे भीतीने आवळलेले स्नायू, अपुरी उत्तेजना आणि त्यामुळे आलेला कोरडेपणा. योनिमार्ग ओलसर आणि सैल व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ चुंबन, स्पर्श, जवळीक यांत जायला हवा. कोरडेपणा वाटल्यास पाण्याचा आधार असलेले ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारे वंगण, वापरावे. खोबरेल तेल, व्हॅसलीन, अंगाला लावायचे मलम यांनी लॅटेक्सचे कंडोम काही मिनिटांतच कमकुवत होते. गुदमैथुनात तर ल्युब्रिकंटला पर्यायच नाही, कारण तेथे शरीराचा स्वतःचा ओलावा नसतो, त्वचा सहज फाटते आणि एचआयव्हीचा धोकाही योनिसंबंधापेक्षा जास्त असतो.

स्त्रीच्या सुखाचे मुख्य केंद्र शिश्निका हे आहे; बोलताना तिला बहुतेक जण क्लिटोरिसच म्हणतात. बाहेरून दिसतो तो तिचा टोकाचा भाग असतो, बाकीचा बराच मोठा भाग आत योनिमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो. पाठ्यपुस्तकांनी तिच्याकडे इतके दुर्लक्ष केले होते की ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये तिची रचना नव्याने मांडली, तेव्हा ती अनेक डॉक्टरांनाही नवी होती. बहुसंख्य स्त्रियांना केवळ शिश्नप्रवेशाने परमोच्च सुख मिळत नाही, शिश्निकेला स्पर्श लागतो, आणि यात उणीव कोणाचीच नसते.

पुरुषांना पहिल्या वेळी ताठरता न येणे किंवा मध्येच जाणे हे इतके सर्रास घडते की त्याची गणना आजारात करू नये. मन धास्तावले की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते आणि रक्त शिश्नाकडे टिकत नाही. दारूने ते आणखी बिघडते. सकाळी उठताना ताठरता येत असेल, तर शारीरिक यंत्रणा बहुधा ठीक आहे असे समजावे. अशा वेळी मित्राकडून मिळालेली ताठरतेची गोळी घेऊ नये, कारण हृदयासाठी घेतल्या जाणाऱ्या नायट्रेट औषधांबरोबर ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. त्रास तीन महिन्यांहून अधिक टिकला तर मात्र तपासून घ्यावे, कारण क्वचित त्यामागे मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असतो.

संबंध किती वेळ चालावा, याचे उत्तर चित्रफितींतून शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की तेथे दिवसभराचे चित्रीकरण कापून-जोडून दाखवलेले असते. पाच देशांतील सुमारे ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून केलेल्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक ५.४ मिनिटे निघाला, म्हणजे निम्म्या जोडप्यांचा वेळ याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त होता. कोणाचा वेळ मिनिटभराचाही नव्हता, तर कोणाचा ४० मिनिटांच्या वर होता. जवळपास नेहमीच मिनिटाच्या आत पतन होत असेल आणि त्याचा दोघांना त्रास होत असेल, तर शीघ्रपतनावर परिणामकारक उपचार आहेत.

दरवेळी दुखत असेल, किंवा स्त्रीचे स्नायू इतके आवळले जात असतील की प्रवेशच होत नाही, तर सहन करत राहू नये. या स्नायूंच्या आवळण्यावर व्यायाम आणि समुपदेशन यांचा चांगला उपयोग होतो, आणि एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे) कारण असेल तर ते लवकर सापडलेले बरे. संबंधानंतर लवकरच लघवी करून आल्यास स्त्रियांना होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग टाळण्यास मदत होते. गर्भ राहू नये यासाठी मात्र त्याचा काडीमात्र उपयोग नाही, कारण लघवीची वाट आणि योनिमार्ग वेगळे असतात.

पायरी ४ : साधन आधी ठरवा

दिवस कधी राहू शकतात, हे आधी समजून घ्यावे. बीजांड बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकते, पण शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून प्रत्येक चक्रात सुमारे ६ दिवस गर्भधारणेचे असतात. अडचण अशी की ते दिवस आधीच सांगता येत नाहीत. बीजांड बाहेर पडते ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, आणि पुढची पाळी कधी येईल हे तरुण वयात पुष्कळदा अनिश्चित असते. चक्र लहान असेल तर पाळीत आलेल्या संबंधातूनही दिवस राहू शकतात. पहिल्याच संबंधातून राहू शकतात, उभ्याने केलेल्या संबंधातूनही राहू शकतात. वीर्यपतनाआधी शिश्न बाहेर काढण्याच्या पद्धतीवर वर्षभर विसंबणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण पाचांतील एका स्त्रीला दिवस जातात.

कंडोमची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण गर्भधारणा आणि संसर्ग या दोहोंपासून संरक्षण देणारे साधन हेच आहे. दरवेळी आणि अचूक वापरल्यास वर्षाला १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना दिवस जातात. माणसे प्रत्यक्षात वापरतात तसे वापरल्यास सुमारे १३. या दोन आकड्यांतले अंतर कंडोमच्या दर्जाचे नसून हाताळणीचे आहे. वेष्टनावरची मुदत पाहावी आणि वेष्टन दाबून आत हवेचा फुगवटा जाणवतो का ते तपासावे. दात किंवा नखे न लावता ते फाडावे. शिश्न ताठर झाल्यावर आणि योनीला वा गुदाला त्याचा कोणताही स्पर्श होण्याआधी कंडोम चढवावे. 'आधी थोडे तसेच, मग घालू' ही सवय त्याचा हेतूच संपवते. टोकाची जागा दोन बोटांत चिमटून हवा काढावी आणि मग ते मुळापर्यंत उलगडत न्यावे. उलटी बाजू लागल्यामुळे उलगडत नसेल, तर तेच पालटून न वापरता नवे घ्यावे. पतनानंतर ताठरता असतानाच, कंडोमची कडा धरून शिश्न बाहेर काढावे. दोन कंडोम एकावर एक चढवू नयेत, कारण ती घासून फाटतात. पाकिटात महिनोन्महिने ठेवलेले किंवा उन्हात तापलेले कंडोम वापरू नये. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी पॉलियुरेथेनची किंवा पॉलिआयसोप्रीनची कंडोम मिळतात.

रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या प्रत्यक्ष वापरात वर्षाला १०० पैकी सुमारे ७ स्त्रियांच्या बाबतीत कमी पडतात, आणि त्याचे मुख्य कारण गोळी विसरणे हेच असते. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केल्यास संयुक्त गोळ्यांचे, म्हणजे दोन संप्रेरके एकत्र असलेल्या गोळ्यांचे, संरक्षण लगेच मिळते. इतर दिवशी सुरू केल्यास पहिले ७ दिवस कंडोमही वापरावे. त्यांनी कायमचे वंध्यत्व येत नाही. मात्र रक्तवाहिनीत गुठळी झालेली असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा डोळ्यांपुढे चकाकत्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, तर संयुक्त गोळ्या घेऊ नयेत; म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. तांबी गर्भाशयात बसवली की प्रकारानुसार १० वर्षांपर्यंत चालते, वर्षाला शंभरात एकीलाही क्वचितच दगा देते, आणि मूल न झालेल्या स्त्रियांनाही ती बसवता येते. तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि दंडात त्वचेखाली बसवायची कांडी हेही चांगले पर्याय आहेत. यांपैकी एकही साधन संसर्ग रोखत नाही, त्यामुळे नव्या सोबत्याबरोबर त्यांच्या जोडीला कंडोम हवेच.

पायरी ५ : येथे मात्र घाई करा

कंडोम फाटले, आत राहिले, किंवा वापरलेच नाही, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीचे घड्याळ त्या क्षणी सुरू होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, पण ७१ व्या तासाला घेतलेली आणि सहाव्या तासाला घेतलेली गोळी सारखी नसते. जितक्या लवकर, तितकी परिणामकारक. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅमची गोळी १२० तासांपर्यंत चालते. ५ दिवसांच्या आत बसवलेली तांबी या सर्वांहून खात्रीची असते आणि पुढे नियमित साधन म्हणूनही राहते. गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर पुन्हा गोळी घ्यावी लागते. ही गोळी बीजांड बाहेर पडणे लांबवते. ती गर्भपात करत नाही आणि आधीच राहिलेल्या गर्भाला तिचा अपायही होत नाही. तिच्यानंतर पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होऊ शकते. त्याच महिन्यात पुढे येणाऱ्या संबंधांना ती संरक्षण देत नाही, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते.

एचआयव्हीचा धोका झाला असेल, तर 'पेप' नावाचा औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो आणि तो २८ दिवस घ्यावा लागतो. यातही पहिला दिवस तिसऱ्या दिवसापेक्षा कितीतरी मोलाचा असतो, म्हणून रविवार आहे किंवा रात्र झाली आहे म्हणून थांबू नये. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. धोका वारंवार येत असेल, तर आधीपासून घ्यायच्या 'प्रेप' गोळ्यांविषयी विचारावे.

जबरदस्ती झाली असेल, तर हीच दोन घड्याळे चालू असतात. तक्रार करायची की नाही याचा निर्णय नंतर घेता येतो, वैद्यकीय मदत आधी घ्यावी. शक्य असल्यास आंघोळ न करता जावे आणि त्या वेळचे कपडे कागदी पिशवीत घालून बरोबर न्यावेत; आंघोळ झालेली असली तरी जावेच.

तासांची मुदत असलेल्या आणखी तीन गोष्टी. वृषणात अचानक तीव्र कळ येऊन मळमळू लागले, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि सुमारे ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. सकाळपर्यंत वाट पाहणारी मुले तो गमावून बसतात. ताठरता ४ तासांहून अधिक टिकून राहिली तर तीही आणीबाणीच. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणे सुरू झाले, तर गर्भ गर्भाशयाबाहेर वाढत असण्याची शक्यता असते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

पायरी ६ : तपासणीत मात्र घाई फसवते

गर्भधारणेची घरगुती चाचणी पाळी चुकल्याच्या दिवसापासून भरवशाची असते; पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवसांनी करावी. सकाळची पहिली लघवी घेतल्यास बरे. त्याआधी आलेला नकारार्थी निकाल दिलासा देतो, पण त्यावर विसंबता येत नाही.

लैंगिक संसर्गांचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात १५ ते ४९ या वयोगटात रोज दहा लाखांहून अधिक बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत लक्षणे दिसतच नाहीत. म्हणून 'मला काही होत नाही' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया, ज्याला जुनी माणसे परमा म्हणत, यांची चाचणी संबंधानंतर साधारण दोन आठवड्यांनी लघवीच्या किंवा स्रावाच्या नमुन्यावर होते. पुरुषांनी नमुना देण्याआधी किमान एक तास लघवी करू नये, आणि मुखमैथुन वा गुदमैथुन केले असेल तर तेथील नमुनेही द्यावेत. एचआयव्हीची प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीची चाचणी संसर्ग बहुतेकांमध्ये ४५ दिवसांपर्यंत पकडते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीसाठी ९० दिवस थांबून खात्री करावी. सिफिलिस, म्हणजे जुन्या बोलीतली गरमी, हिची रक्तचाचणीही १२ आठवड्यांनी पुन्हा करावी. सिफिलिसचा पहिला फोड दुखत नाही आणि आपोआप जातो, त्यामुळे माणूस निश्चिंत होतो आणि आजार मात्र आत वाढत राहतो.

निकाल होकारार्थी आला तरी आकाश कोसळत नाही. क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास हे चारही प्रतिजैविकांनी बरे होतात; न तपासलेला क्लॅमिडिया मात्र गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्व आणू शकतो. उपचार सोबत्यालाही हवेत, नाहीतर संसर्ग दोघांत फिरत राहतो. हर्पीस, म्हणजे दुखरे फोड आणणारा विषाणू, शरीरात राहतो, पण औषधांनी आटोक्यात येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित असलेल्या एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेकांमध्ये दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. एचआयव्ही असलेली व्यक्ती नियमित औषधे घेत असेल आणि तिच्या रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झालेला असेल, तर तिच्याकडून संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. एकत्र जेवण, मिठी, डास किंवा शौचालय यांतून तर तो कधीच पसरत नव्हता. हर्पीस, एचपीव्ही आणि सिफिलिस हे त्वचेच्या स्पर्शातूनही जात असल्याने कंडोम त्यांचा धोका कमी करते, पूर्ण घालवत नाही.

लसी याच पायरीवर. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी असते, पण २६ व्या वर्षापर्यंत राहून गेली असेल तर घ्यावी. संबंध सुरू झालेले असले तरी ती फुकट जात नाही, आणि ती पुरुषांसाठीही आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बहुतेक सर्व प्रकरणे या विषाणूमुळे होतात, आणि लस घेतलेल्या स्त्रियांनीही पुढे ठरलेल्या वयापासून गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची असते. हेपेटायटिस बीची लस लहानपणी दिली गेली होती का, हे घरच्यांना विचारून घ्यावे.

पायरी ७ : डॉक्टरांसमोरचे पहिले वाक्य

'गुप्तरोग' या शब्दाची पाटी लावून शंभर टक्के खात्री देणाऱ्यांकडे जाऊ नये. स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, पुरुषांनी मूत्ररोगतज्ज्ञाकडे, फोड किंवा पुरळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. काहीच ठरत नसेल तर साध्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करावी. जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : शेवटच्या पाळीची तारीख, शेवटच्या असुरक्षित संबंधाची तारीख, तो कोणत्या प्रकारचा होता, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. बोलायला जमत नसेल तर तो कागदच पुढे करावा. डॉक्टरांना हवी असलेली बहुतेक माहिती त्यात असते. माहिती गुप्त राहील ना, हे तपासणीआधी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. अंतर्गत तपासणीच्या वेळी सोबत एखादी स्त्री कर्मचारी किंवा ओळखीची व्यक्ती असावी अशी मागणी करता येते, आणि तपासणी दुखू लागल्यास 'थांबा' म्हणता येते. डॉक्टरांनी तपासण्याऐवजी उपदेश सुरू केला, तर औषध तेवढे विचारून घ्यावे आणि पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर शोधावा. पहिले वाक्य म्हणून 'मला लैंगिक आरोग्याबद्दल विचारायचे आहे आणि मला बोलताना संकोच वाटतो' एवढे म्हटले तरी पुरते. त्यापुढचे प्रश्न विचारण्याचे काम डॉक्टरांचे असते.